सीमाच्या अशनीवरचा गंज

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुमची माझी ओळख ना पाळख — म्हणून जमेल बहुतेक.

चाकणच्या एका कंपनीत मी लॅबमध्ये आहे. स्टीलचे तुकडे येतात, ते कापायचे, घासून चकचकीत करायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे. गंजलेला तुकडा आला की आधी ॲसिडमध्ये बुडवायचा. हाताला सवयच तशी. गंजका तुकडा पुढं सरकवला तर साहेब काय काय ऐकवतो, ते आमचं आम्हाला ठाऊक!

सीमा माझी चुलतबहीण. मोशीत आमची दारं समोरासमोर. ती दगडांचा अभ्यास करायची, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेला एक अशनी — आभाळातून पडलेला दगड हो, लोखंड असतं त्यात — तपासायला तिच्याकडे आला होता. तो कोणत्या जातीचा, पृथ्वीवर पडल्यापासून किती गंजलाय, हे ठरवायचं होतं. अर्धा तिच्याकडे, अर्धा नितीनकडे. नितीन तिच्याच ऑफिसातला. दोघांचं लग्न ठरलेलं. दोघांनी वेगवेगळी पारख करायची, मग ताडून बघायचं. नेमकं तिच्या ऑफिसातलं कापायचं-घासायचं मशीन बंद पडलं, म्हणून ती आपला तुकडा घेऊन माझ्याकडे आली. "दादा, गंज तेवढा तसाच ठेव हं. त्यावरूनच तर कळतं."

ऐकलं होतं हो मी, नीट ऐकलं होतं! पण तो तांबूस, कळकट तुकडा — माझ्या हातचं काम असं द्यायचं? बुडवला. काय स्वच्छ निघाला, राव!

"ॲसिड नाही ना लावलंस?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "छे गं."

तिनं लिहिलं — फारसा गंजलेला नाही. नितीननं लिहिलं — पार गंजून गेलाय. एकाच दगडाचे दोन भाग, इतके वेगळे? वरचे म्हणाले, कुणीतरी तुकडा बदललाय. त्या कामात ही चोरीच. सीमाला आपल्या तुकड्याची खात्री होती — दादानं सांगितलं होतं ना! मग उरला कोण?

आमच्या ओट्यावर बसून ती ओक्साबोक्शी रडली. ज्याच्यावर जीव टाकला त्यानंच केसानं गळा कापला, म्हणाली. तेव्हा तरी बोलावं की नाही मी? तोंड उघडलं — आणि निघालं काय? "मला तो पोरगा पहिल्यापासूनच पटला नव्हता." खोटं! मला तो फार आवडायचा.

नितीन मला भेटायला कंपनीच्या गेटवर आला होता. "दादा, तुम्ही तरी तिला समजवा. तुमचं ऐकेल ती." बघतो म्हणालो. घरी येऊन जेवलो.

लग्न मोडलं. नितीन ती नोकरी सोडून गेला, कुठं ते माहीत नाही. सीमानं पुन्हा कुणाचं स्थळ येऊ दिलं नाही.

दर भाऊबीजेला ती मला ओवाळते. यंदा टिळा लावताना म्हणाली, "विश्वास टाकावा असा एक तूच उरलास, दादा." मी पाटावरून उठलो नाही. तिनं तोंडाशी धरलेला लाडू खाल्ला.