नाकारलेल्या गिऱ्हाइकांची वही

गेल्या बुधवारी दुपारी नगरपालिकेच्या निरीक्षकांनी पाथरीतल्या एका म्हाताऱ्या पक्षीविक्रेत्याची वही तपासली. नव्या नियमानं परवाना टिकवायला विकलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद लागते. मी तिथं दाणे घ्यायला गेलो होतो.

वहीत, ज्यांना त्यानं पक्षी द्यायला नकार दिला, त्यांचीच नावं होती.

"चाचा, परवाना जाईल की! विकलेले कुठायत?"

"ते समदे ध्यानात हायेत, सायेब. मांजरवाले तेवढे इसरतो अन् दुसऱ्यांदा आले की देऊन बसतो."

बोलता बोलता तो पिंजऱ्यातल्या वाट्यांत पाणी भरत होता.

निरीक्षकांनी स्टूल ओढून पेन काढलं. "सांगा."

"हिरवा, डाव्या पायानं लंगडा. पोस्टामागच्या मास्तरीणबाईला."

मी निघालो तेव्हा निरीक्षक एकतिसावं नाव लिहीत होते.