सरांची रेघ

दुपारच्या कलत्या उन्हात, त्या लांबच लांब दालनात, सगळा वर्ग एकाच वेळी कागदावर पेन्सिल ओढू लागला की एक मृदू, अखंड ध्वनी उठायचा. सुपात तांदूळ हळूहळू फिरवावेत तसा. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तंत्रनिकेतनात मी तो सत्तरच्या दशकात प्रथम ऐकला आणि, खोटं कशाला सांगू, पदविकेच्या आधी त्या आवाजाच्याच प्रेमात पडले. वर्गात मुलगी मी एकटी. कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून एसटीने यायची, तीही हातभर लांब लाकडी टी-स्क्वेअर कवटाळून. तो कुणाच्या बरगडीत, कुणाच्या फेट्यात अडकायचा आणि कंडक्टर खेकसायचा, "हा नांगर कायले आनला वं बसमंदी?" तिकीट घ्यायचं आणि नांगर मांडीवर आडवा धरायचा.

आम्हाला ड्रॉइंग शिकवायला गिऱ्हेपुंजे सर होते, आंबागडच्या शेतकरी घरातले. खडू घेऊन ते फळ्याकडे वळले की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. एकच साधा ठोकळा; त्याला समोरून पाहायचं, वरून पाहायचं, बाजूने पाहायचं, आणि तिन्ही दर्शनं अशी मांडायची की न पाहिलेल्या माणसालाही तो घडवता यावा! केवढी अद्भुत गोष्ट ही! सर पट्टीशिवाय रेघ ओढत आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लोंब्यांनी वाकलेल्या धानाच्या बांधीवरून वारा जावा तशी विनासायास जाई. आमच्या मात्र घामाने कागद ओला होई, शिसं मोडे, खोडलेल्या रेघेचा चर कागदावर उरे. मग ते मागे येऊन उभे राहत. "दम कायले रोखून राहिली? रेघ चालली का आपनबी चालावं."

पुढे, ऐंशीच्या दशकात, त्याच संस्थेत मी अधिव्याख्याती म्हणून रुजू झाले, तेव्हा सरांचा हात थरथरू लागला होता. चहाचा कप बशीवर वाजायचा. फळ्यावरची रेघ मध्येच शहारायची. मागच्या बाकांवरून एखादं हसू ऐकू येई आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. हळूहळू त्यांनी खडू धरणंच सोडलं. ते बोलत, मी काढत असे. एके दिवशी वर्ग सुटल्यावर म्हणाले, "दिवाळीनंतर घरी बसतो. धान पायतो. हात माह्यं आयकून नाही राहिला." मला रडू आलं. ज्याच्या हातातच विद्या आहे असं आम्ही मानत आलो, त्याचा हातच गेला तर विद्येने कुठे जावं?

दिवाळीच्या थोडं आधी संस्थेत संगणक आला. नारळ फुटला, पडद्याला कुंकू लागलं. त्याच्या खोलीत थंड हवेचं यंत्र, म्हणून चपला दाराबाहेर; आत सगळे गाभाऱ्यात आल्यासारखे कुजबुजत. सर आता चिडणार, असा साऱ्यांचा कयास. सर आले. खिशातून सेल्युलॉइडचा गुण्या काढून त्यांनी तो थेट पडद्याच्या काचेवर टेकवला आणि काटकोन तपासला! पोरं खुदकली, सरांनी मान डोलावली आणि ते खुर्चीत बसले.

रेघेचा आरंभबिंदू, रेघेचा अंतबिंदू, एवढंच आकड्यांत सांगायचं होतं. सरांचं बोट कळांवर थरथरलं, एक कळ दोनदा दाबली गेली, यंत्राने ऐकायला नकार दिला. ते पुन्हा सावकाश टंकत गेले. आणि काळ्या पडद्यावर एक उजळ रेघ उमटली. निष्कंप! बोटांचा कंप वाटेतच कुठेतरी गळून पडला होता आणि पलीकडे पोचलं होतं ते केवळ सरांच्या मनातलं. म्हणजे इतकी वर्षं ती रेघ हातात राहतच नव्हती की काय? हात नुसता तिचा वाहक होता? मी या प्रश्नापुढे आजही तितकीच विस्मित होऊन उभी राहते.

दुपारपर्यंत त्यांनी तो ठोकळा तिन्ही बाजूंनी उभा केला. शेजारच्या प्लॉटर नावाच्या रेखनयंत्राने आपणहून पेन उचललं आणि कागदावर धावायला सुरुवात केली. कुणाचाही हात नसलेलं ते पेन पाहायला आम्ही सारे पुढे सरकलो. कागद बाहेर आला. सरांनी तो दोन्ही हातांत धरला. कागद थरथरत होता, रेघा सरळ होत्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्याचा तास मी घेतो वं माय. तू पोरायच्या मांगं उभी राय."

दुसऱ्या दिवशी मी पोरांच्या मागे उभी राहिले आणि त्यांच्या खांद्यांवरून पडद्यावरची सरांची रेघ पाहत पुन्हा सरांची विद्यार्थिनी झाले.