दंडावरचं विमान

माझ्या उजव्या दंडावर एक लढाऊ विमान आहे. आता ते अर्धंच दिसतं, कारण उरलेल्या अर्ध्यावर लेसरचा व्रण आहे. ते सुखोई आहे. निदान मी तरी सुखोईच सांगितलं होतं. रेणुकाईच्या यात्रेतल्या गोंदणाऱ्याला मात्र विमानाला दोन शेपट्या असतात हे काही केल्या पटेना. पाखराला कधी दोन शेपट्या असतात का, असं म्हणून त्यानं एकच काढली आणि पंखही आपल्या मनानं तिकोनी करून टाकले. पुढं बऱ्याच वर्षांनी राफेल भारतात आलं तेव्हा माझा धाकटा भाऊ दंडाकडं बघून म्हणाला, ताई, हे तर हुबेहूब राफेल आहे, त्या माणसानं आधीच काढून ठेवलं होतं. मी त्याला चप्पल फेकून मारली होती. पण भावाचं काही चुकलं नव्हतं.

विमानांचं वेड मला भज्यांमुळं लागलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोकरदनच्या बाजारातून भजी आणायचे आणि ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली असायची. एकदा त्या कागदावर रांगेत उडणाऱ्या लढाऊ विमानांचा फोटो निघाला. भजी भावानं संपवली, कागद मी घेतला आणि पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. पुढं शाळेतलं एक जाडजूड पुस्तक, मग सरांचा कॉम्प्युटर, मग घरात आलेला मोबाईल, असं करत करत मला सगळ्या विमानांची कुळी पाठ झाली. वर्गातल्या मुलींना मालिकांमधल्या सुनांच्या साड्या पाठ असायच्या, मला क्षेपणास्त्रं. आईला वाटायचं, पोरीला बाहेरचं काहीतरी झालंय.

हे सगळं ऐकून घेणारं घरात एकच माणूस होतं, ते अण्णा. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आता थोडी शेती आहे आणि मेंढरं मोजकीच उरली आहेत, पण तेव्हा कळप मोठा होता आणि त्याच्यामागं फिरताना त्यांना बोलायला कोणीतरी हवं असायचं. सुट्टीत मी जायची. त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. सगळी विमानं आभाळातच उडतात, तर मंग येवढ्या जाती कशाला? मी विचारलं, आपल्याकडं कुत्री तीन कशाला? तिथून आमचं जे सुरू झालं ते पुढं कितीतरी वर्षं चाललं.

आमचं एक कुत्रं मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपाशी बसून असायचं. परका वास आला की झटक्यात उठायचं आणि तिथल्या तिथं निकाल लावायचं. फार लांब मात्र जायचं नाही. ते आमचं मिग एकवीस. आता ती विमानं निवृत्त झाली, पण तेव्हा होती. दुसरं कुत्रं अंगानं दांडगं, लांडग्यामागं दोन शिवारं ओलांडून जायचं आणि तरी परत येताना मान वर. ते सुखोई. मोठं, दोन इंजिनांचं, दोन माणसं बसणारं, लांबचा पल्ला मारणारं आणि पंखाखाली ढीगभर शस्त्रं घेऊन जाणारं. ब्रह्मोससारखं अवजड क्षेपणास्त्र पेलायला तसलंच धूड लागतं. तिसरं कुत्रं जमिनीला पोट लावून बांधाच्या आडून सरकायचं. ते जग्वार. रडारच्या नजरेखालून जायचं, जमिनीवरचा नेम साधायचा आणि तसंच परतायचं. आभाळातल्या मारामारीत त्यानं पडू नये. तेजस हलकं, चपळ, एका इंजिनाचं, म्हणून अण्णा त्याला घरचं पिल्लू म्हणायचे. त्याचं पिल्लूपण कधी संपणार म्हणून मला दर वर्षी विचारायचे, जसं काही मीच त्याला खाऊ घालत होते.

शस्त्रांचंही आम्ही असंच केलं. लांबून मारायची ती गोफण, जवळ आल्यावर काठी. काही क्षेपणास्त्रं शत्रू डोळ्यांना दिसायच्या आधीच सोडतात, काही अगदी अंगावर आल्यावर त्याच्या इंजिनाची ऊब हुंगत जातात. अण्णांनी विचारलं, गोफणीचा धोंडा सुटल्यावर मधीच वळतो का? मी म्हटलं, हा वळतो, याला स्वतःचं रडार असतं. हे ऐकून ते इतके खूश झाले, की गावात जो भेटेल त्याला वळणाऱ्या धोंड्याची गोष्ट सांगत सुटले. राफेलवर मात्र त्यांचा भरवसा बसायला वेळ लागला. आभाळातली झुंज, जमिनीवरचा मारा, टेहळणी, सगळं एकाच विमानाला आणि एकाच उड्डाणात येतं, असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सगळं येनारं कुत्रं म्या तरी पाह्यलं न्हाई. आणि येत असंल तर बाकीचे इकून टाका म्हनावं. मला राग आला. मी त्यांना शेताच्या बांधावर बसवून पटवलं, की भारी माल थोडाच असतो आणि थोडा माल सगळ्या वेशींवर एकाच वेळी उभा राहू शकत नाही. हे त्यांना बराबर कळलं.

गोंदणाची गोष्ट या सगळ्याच्या सुरुवातीची, मी पाचवीत असतानाची. पिंपळगाव रेणुकाईच्या यात्रेत आम्ही सगळे गेलो होतो. आमच्याकडं बायकांचं गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली असतं. आईचं तिथं आहे, आत्याचं तिथं आहे, शेजारपाजारच्या सगळ्यांचं तिथंच. मी विमानाचा हट्ट धरला आणि हात पुढं केला, आईसारखाच, तळवा वर करून. आई नको म्हणत होती. अण्णा हसत होते. त्यांना माझा हट्ट मोडवेना आणि उद्याची काळजीही सुटेना. ते गोंदणाऱ्याला म्हणाले, "हितं नको, वर दंडावर काढा. बाहीखाली झाकून राहील. उद्या पाव्हणे पाहायला आले तं म्हनतील, पोरीनं हातावर इमान काढलंय." मला काय, विमान मिळाल्याशी मतलब. मी फ्रॉकची बाही वर सारली. दुखलं तेव्हा अण्णांनी माझं डोकं पोटाशी धरून ठेवलं होतं.

मुली लढाऊ विमानं चालवू लागल्या ही बातमी आली तेव्हा मी कॉलेजात होते. मग माझं दुसरं काही उरलंच नाही. जालन्याला बी.एस्सी. केलं, सकाळी पळायला जायची, इंग्रजी घासूनपुसून घेतलं. हवाई दलाच्या लेखी परीक्षेचे पहिले प्रयत्न वाया गेले, वय पुढं सरकत होतं आणि चोवीस ओलांडलं की दार बंद हे मला माहीत होतं. शेवटी पास झाले आणि निवड मंडळापुढं जायचं पत्र आलं. अण्णा रेल्वे स्टेशनपर्यंत आले आणि फलाटावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना सांगत राहिले, की पोरगी इमान चालवायला चाललीय.

तिथं मुलाखतीत मला अधिकाऱ्यांनी विचारलं, डोंगरापलीकडं शत्रूच्या दारूगोळ्याचा साठा आहे आणि वर त्याची विमानं फिरतायत, तर काय पाठवशील? असला प्रश्न मला लहानपणापासून पाठ होता. मी म्हटलं, सुखोई उंचावर ठेवीन, त्यांनी शत्रूची विमानं अडवून धरायची. राफेल आपल्याच बाजूनं उडेल आणि लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र सोडून साठा उडवेल, हद्द ओलांडायचं कामच नाही. हलकी विमानं मागं आपल्या तळांवर राखणीला. मग मला राहवलं नाही आणि मी कुत्र्यांचंही सांगितलं. ते हसले, पण चांगलं हसले. त्यांनी पुढं बरंच खोदून विचारलं आणि मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर देता आलं. आयुष्यात तेवढ्या आनंदात मी पुन्हा कधी नव्हते. निकालात माझा नंबर पुकारला.

अडलं ते दंडावर. नियम साधा आहे. कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला गोंदण असलं तर चालतं, पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. इतर ठिकाणी चालत नाही. तो मी आधीच वाचला होता, पण अंतिम निर्णय मंडळाचा असंही त्यात होतं आणि तेवढ्या एका ओळीवर मी उभी होते. आदिवासी जमातींच्या रिवाजाचं गोंदण असेल तर विचार होतो, हेही होतं. भावानं त्यावर बरीच भिस्त ठेवली होती. पण आमची जमात त्या यादीत नाही, आणि असती तरी कोणत्या जमातीच्या रिवाजात सुखोई असतं? तपासणाऱ्या बाई अधिकारी होत्या. वाईट नव्हत्या. वीतभर खाली असतं तर काही अडलं नसतं, असं त्या हळूच म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही, माझ्या एकटीसाठी नियम बदलणार नव्हता.

फोन अण्णांनीच उचलला. मी रडत नव्हते, मी चिडले होते. सांगितलं, की गोंदणामुळं घेतलं नाही. त्यांना वाटलं, गोंदणच चालत नाही, सगळ्यांनाच नाही. मी म्हटलं, चालतं, खाली चालतं.

"खाली म्हंजे कुठं?"

"आईचं आहे तिथं."

त्यांनी फोन आईच्या हातात दिला. जेवलीस का, असं तिनं विचारलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. संभाजीनगरला जाऊन लेसर करून घेतलं. शाई अर्धी गेली, अर्धी राहिली, मध्ये कातडी जाड झाली, आणि तो व्रण भरेपर्यंत माझं वय उलटून गेलं. आता मी मंठ्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि शनिवारी घरी येते. मुलं हुशार आहेत, नोकरी बरी आहे. मला ती आवडत नाही. हे कोणाला सांगता येत नाही, कारण गावात नोकरी न आवडणं हे लोकांना माज वाटतं.

अण्णांनी मात्र विमानांचा विषय सोडला तो सोडलाच. पूर्वी घरात पाऊल टाकलं की, काय म्हनतं तुझं पिल्लू, असं विचारायचे. आता दूधपाणी, पाऊसपाणी, कोणाचं लग्न. कधी आम्ही दोघंच असलो की म्हणायचे, "राग धरला आसंल तू." मी म्हणायचे, न्हाई अण्णा, तुमचं काय त्यात. कितीदा म्हटलं असेल देव जाणे. त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं होतं हे मला कळत होतं आणि अजूनही कळतं. पण भातात खडा लागला, झोप मोडली, वर्गात एखाद्या पोरानं उडण्याचं गणित चुकवलं, की मला ती यात्रा आठवते आणि तो पुढं केलेला हात आठवतो. मग मी दिवसभर कोणाशी नीट बोलत नाही. हा राग नसेल तर काय आहे, मला माहीत नाही.

मध्ये सीमेवर तणाव वाढला तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीत घरी होते. शेजारच्या किराणा दुकानदाराच्या ओट्यावर टीव्ही लावून दहाबारा माणसं संध्याकाळची जमायची. टीव्हीवरची माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती आणि कोणाची किती विमानं पाडली याचे आकडे फेकत होती. दुकानदारानं मला हाक मारून खुर्ची दिली. म्हणाला, तूच सांग बाई, ह्येंच्या वरडन्यातलं आम्हाला काहीच कळून नाही राह्यलं. मी समजावून सांगितलं. आताच्या लढाईत विमानं एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत, खूप लांबून क्षेपणास्त्र सुटतं, म्हणून कोणाचं कोणी पाडलं हे दोन्ही बाजू आपापलं सांगतात आणि खरं बाहेर यायला वेळ लागतो. कोणतं विमान कशाला पाठवतात, लांबचं शस्त्र कोणतं, जवळचं कोणतं, तेही सांगितलं. लोक मन लावून ऐकत होते. बोलता बोलता माझा आवाज मुलाखतीतल्यासारखा झाला होता, हे मलाच जाणवलं. अण्णा ओट्याच्या पायरीवर पाठ करून बसले होते. ते टीव्हीकडं बघत नव्हते, पण उठूनही गेले नव्हते.

दुकानदार म्हणाला, ते समदं खरं, पन पडले किती, ते सांग ना. मी म्हटलं, ते आज कोणीच सांगू शकत नाही.

तेव्हा अण्णा पायरीवरून वळले. "बाकीच्याचं मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले, "येक तं म्याच पाडलं."

सगळे मोठ्यानं हसले. म्हातारं रंगात आलंय, असं कोणीतरी म्हणालं. अण्णाही हसत होते, पण माझ्याकडं बघत. इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्यासमोर विमानाचा विषय काढला होता, आणि असा काढला होता की मी नुसती हसले असते तरी सगळं मिटलं असतं. राग नाही हे मी तोंडानं कितीदा तरी सांगितलं होतं, आता फक्त सगळ्यांबरोबर हसायचं होतं. मला हसू आलं नाही. अण्णांनी ते पाहिलं. त्यांनी टोपी नीट केली आणि मेंढरांकडं बघून येतो म्हणून ते उठले.