दुपट्यांचा व्हिसा

बुधवार पेठेतल्या व्हिसा एजंटाकडे माझ्या आधी एका बाईंचा नंबर होता. नाव मी विचारलं नाही. वय साठीचं, मांडीवर जुन्या साडीच्या दुपट्यांची पिशवी, आणि चष्मा पुसल्याशिवाय एकही कागद वाचायचा नाही ही सवय. परदेशात मुलीचं बाळंतपण महिन्यावर आलं होतं.

एजंट प्रवचनाच्या सुरात सांगत होता, "काकू, व्हिजिटर व्हिसाचे प्रकार असतात. फिरायला, नातेवाइकांकडे, धंद्यासाठी, उपचारासाठी. आपण 'फिरायला' लिहू. बाळंतपण लिहिलंत तर त्यांना वाटेल, आया म्हणून कामाला निघालात."

बाईंनी चष्मा पुसला. "मला धबधबे बघायचे नाहीत. नातवंडाला न्हाऊ घालायचंय."

"अहो, तेच ते काम समजतात."

"मग कळवा त्यांना, आजी पगार घेत नाही."

"नाकारलं तर मुलगी तिथे एकटी पडेल."

बाई जरा वेळ पिशवीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पडेल. पण तिथल्या साहेबाने बॅग उघडली, तर ही दुपटी मी धबधब्याला गुंडाळणार म्हणून सांगू? नातेवाइकांकडे, कारण बाळंतपण. लिहा."

त्याने लिहिलं. पुढे त्यांचं काय झालं, मला कळलं नाही.

माझा भरलेला अर्ज तिथेच पडला होता. परदेशातल्या एका मंडळाने मला शाल, श्रीफळ आणि मानधन देऊन भाषणाला बोलावलं होतं, आणि मी लिहिलं होतं 'फिरायला'. मी अर्ज परत मागितला.

"आता तुमचं काय?" एजंटाने कंटाळून विचारलं.

"मलाही धबधबे बघायचे नाहीत," मी म्हणालो.