गेणूच्या पिक्चरमध्ये कुणी मरायचं नाही

गेणूला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या टॉकीजच्या भिंतीला खळ लावताना. पोस्टरं चिकटवायला माणूस हवा होता, म्हणून आमच्या यांनी, दलीचंदशेठनी, त्याला ओतूरच्या बाजारातून धरून आणलं. भाताची लावणी उरकली की डोंगरातली पोरं कामाला खाली उतरायची, त्यातलाच हा एक. अंगानं काडी, आणि जिभेला हाड नाही. पोस्टर उलटं लावील, पण त्याच्यावरच्या बाईची सगळी कुळकथा रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगेल. सगळी लोणकढी थाप.

मी गुलाबबाई. बायकांच्या तिकीट खिडकीवर बसायचे. सून असून खिडकीवर बसते म्हणून सासरची माणसं नाकं मुरडायची, पण यांना माझ्याइतकं भरवशाचं दुसरं कोण मिळणार होतं?

बाजारच्या दिवशी दुपारी आम्ही इंग्रजी पिक्चर लावायचो. जुने, घोड्यांचे, बंदुकांचे. ते स्वस्तात मिळायचे, आणि पब्लिकला त्यातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. एका दुपारी लोक इतके वैतागले की बाकडी आपटायला लागले. तेव्हा हा गेणू खळीचा डबा खाली ठेवून पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं सांगायला लागला. म्हणाला, "ह्यो घोड्यावरचा आपला गडी. ह्यो टोपीवाला लई वंगाळ माणूस, त्यानं आपल्या गड्याचं रान बळकावलंय. आन् ही त्याची बायको, चिमाबाई." चिमाबाई हे त्याच्या मावशीचं नाव. पुढं वर्षानुवर्षं ओतूरच्या पडद्यावर जी जी गोरी मड्डम आली, ती चिमाबाईच झाली.

गेणूला इंग्रजीचा ओ की ठो कळत नव्हता. पण त्या दिवसापासून लोक पिक्चर बघायला यायचे की गेणूला ऐकायला, ते देवच जाणे. यांनी त्याला कर्णा घेऊन दिला. त्याचा एकच नियम होता. त्याच्या पिक्चरमध्ये कुणी मरायचं नाही. पडद्यावर आपला गडी गोळी लागून पडला, वर माती लोटली, तरी गेणू सांगायचा, "बेसुद हाय. वैद्य आलाय. ह्यो बघा, उठला." तोवर पडदा काळा झालेला असायचा. पण पब्लिक शिट्ट्या मारत, हसत बाहेर पडायचं. मी एकदा त्याला रागावले, अरे, किती थापा मारशील. तर म्हणाला, "भाभी, माणसं डोंगर उतरून येत्यात. त्यांला रडवून कशाला धाडायचं?"

अंबाबाई त्याच पब्लिकमधली. हिरड्याचं ओझं घेऊन बाजारला यायची, हिरडा विकून झाला की पहिल्या बाकड्यावर येऊन बसायची. एकदा पिक्चर सुटल्यावर सगळ्या बायका निघून गेल्या तरी ही माझ्या खिडकीपाशी घुटमळत राहिली. गेणू बाहेर आला तशी त्याच्याकडं न बघता म्हणाली, "त्यो पुलावरनं पडल्याला. खरंच उठला का वं?"

"उठला म्हंजे? आत्ता मागल्या दारानं घरी गेला," गेणू म्हणाला.

ती हसली. मी मनात म्हटलं, झालं, गेली ही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं, आणि दोघं टॉकीजमागच्या खोलीत राहायला आली.

टॉकीज बंद पडली त्याला आता जमाना झाला. हे गेले. टॉकीजच्या जागी माझ्या नातवाचं, अंकितचं, फरशीचं दुकान आहे. मागची खोली मात्र मी पाडू दिली नाही, तिथं गेणू आणि अंबा अजून आहेत. त्यांना एकच मुलगी, उज्ज्वला. येडगावला दिली आहे. बऱ्याच वर्षांनी तिला मूल झालं, मुलगी, सिद्धी. आणि नेमकं त्याच सुमाराला अंबाच्या डोळ्यांपुढं पुरता अंधार झाला. नात जन्मली तेव्हा हिला तिचं तोंड दिसलं नाही.

अंकितनंच त्यांना गाडीत घालून पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. डॉक्टरांनी अंबाला बाहेर बसवलं आणि ह्या दोघांना सांगितलं, काचबिंदू आहे, डोळ्यामागची नस वाळली, आता नजर येणार नाही. अंकित पैसे भरायला थांबला, आणि तो येईपर्यंत गेणूनं बाहेर जाऊन बायकोला सांगून टाकलं होतं की मोतीबिंदू आहे, अजून कच्चा आहे, पिकला की काढतात, मग लख्ख दिसतं.

मला कळलं तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, "गेणू, हा काय बाजारचा पिक्चर आहे का? किती दिवस पिकवणार आहेस तो मोतीबिंदू?" तो म्हणाला, "भाभी, तेवढी आशा ऱ्हाऊ द्या तिला. तुमच्या पाया पडतो." आता नवरा-बायकोच्या मध्ये मी किती बोलणार? गप्प बसले. पण मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

कारण अंबानं त्या थापेवर एक मोठं काम सुरू केलं होतं. ती नातीचं तोंड राखून ठेवत होती. उज्ज्वला पोरीला घेऊन आली की अंबा तिला मांडीवर घेई, तेल लावी, न्हाऊ घाली. पण कुणी म्हणालं, अगं, नाक बघ कसं आहे, की ही कानावर हात ठेवायची. "सांगू नगा कुणी. माजी मी बघन." हातानंसुद्धा पोरीचा चेहरा चाचपायची नाही. टाळूला तेल घालताना बोटं कपाळावर आली की मागं घ्यायची. उज्ज्वला एकदा माझ्यापाशी येऊन रडली. आणि गेणू ते सगळं बघायचा आणि बिड्या ओढत बसायचा.

मागच्या महिन्यात अंकित म्हणाला, "आजी, हायवेला नवीन थेटर झालंय तिथं एक इंग्लिश पिक्चर लागलाय. जुन्या हॉलिवूडचा. तुमच्या टॉकीजला लागायचे ना घोड्यांचे पिक्चर, ते कसे काढायचे, त्याची गोष्ट आहे." अंबा तिथं गवार मोडत बसली होती. तिनं हातातली शेंग ठेवली.

"अवं, आपुन जाऊ," ती गेणूला म्हणाली. "तुमी सांगा, मी ऐकते. पयल्यासारकं."

किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं होतं. मग काय, निघालो चौघं, दुपारच्या खेळाला.

थेटर म्हणजे काय, आमच्या टॉकीजच्या निम्मंही नाही, पण खुर्च्या अशा की माणूस झोपावा. मी पदराखाली खाकऱ्याचा डबा नेला होता, बाहेरचं नेऊ देत नाहीत म्हणे. कॉलेजची पोरं-पोरी होती, खोडदच्या दुर्बिणीवर काम करणारे दोघं-तिघं होते, अंकितच्या ओळखीचे. पिक्चर सुरू झाला आणि गेणूनं बायकोच्या कानाशी तोंड नेलं.

गोष्ट अशी होती. एक घोडेस्वार असतो. हिरोच्या ऐवजी घोड्यावरून उड्या मारायचं त्याचं काम, तोंड मात्र कुणाला दिसायचं नाही. त्याचे कपडे शिवणारी एक बाई असते, तिचा त्याच्यावर जीव. दिवस बदलतात, त्याचे गुडघे जातात, नवी पोरं येतात. हे मला अंकितनं मागाहून सांगितलं. गेणूनं सांगितलं ते असं, "ह्यो आपला गडी. आन् ही चिमाबाई, शिलाई मशीनवर बसलीय."

"आली का चिमाबाई," अंबा म्हणाली आणि खुदकन हसली.

पुढच्या रांगेतून एक जण वळून म्हणाला, "काका, जरा हळू." गेणू हळू झाला, पण म्हाताऱ्याचं हळू ते किती हळू. मागं दोन पोरी बसल्या होत्या. मला वाटलं आता त्याही ओरडतील, पण त्या कान देऊन ऐकायला लागल्या. पडद्यावर मालक आपल्या गड्याला काहीतरी सुनावत होता, आणि गेणू सांगत होता, "टोपीवाला म्हंतो, घोड्याचा चारा तूच खाल्ला." पोरी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. अंबा हसली. मीही हसले. यांची आठवण आली, खळीचा वास आला, आणि मला वाटलं, बरं झालं आलो.

मग शेवट आला. आपला गडी म्हातारा झालेला, शेवटची उडी, उंच पूल. घोडा उधळतो, तो खाली पडतो. शूटिंगवाल्यांना वाटतं काय झकास काम केलं, ते टाळ्या वाजवतात. तो उठत नाही. कपडे शिवणारी ती बाई एकटीच चालत जाते, आणि हातातला अर्धवट शिवलेला कोट त्याच्या तोंडावरून पांघरते. इंग्रजी मलाही येत नाही, पण एवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं?

गेणू सांगत होता, "पडला. धूळ उडाली. टाळ्या ऐकू आल्या ना? उठला त्यो. उठला बघ. चिमाबाईनं नवा कोट आणलाय, घातला त्याच्या अंगात. निगाली दोघं घरला."

आणि थेटरात मागच्या पोरींपैकी एक हुंदके देऊन रडत होती. दुसरी नाक ओढत होती. पुढं तो मघाचा माणूस चष्मा काढून डोळे पुसत होता. सगळीकडं तेच.

आमच्या टॉकीजमध्ये पब्लिक गेणूचं ऐकून हसायचं किंवा रडायचं. इथं पब्लिक पडद्याकडं बघून रडत होतं, आणि गेणूच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

दिवे लागले. अंबा उठेना.

"ह्या पोरी कशापायी रडत्यात?" तिनं विचारलं.

"आनंदानं," गेणू म्हणाला.

"आनंदानं रडनारं माणूस मधीच हसतंय. हितं कुनीच हसलं नाय."

गेणूनं तिचा हात धरून तिला उठवलं. गाडी सुरू झाली. मग तिनं समोर तोंड ठेवूनच विचारलं, "पुन्याचा डाक्टर काय म्हनला व्हता?"

"सांगितलंय की तुला. मोतीबिंदू पिकला की..."

"ते तुमचं झालं. त्यो काय म्हनला, त्ये सांगा."

गेणूची जीभ, जिनं आख्ख्या बाजाराला झुलवलं होतं, ती जागची हलेना. अंकित पुढं बघून गाडी चालवत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. आम्ही सगळे गप्प आहोत हे तिला ऐकू येत असणारच.

"नस वाळली म्हनला," गेणू शेवटी म्हणाला. "आता दिसायचं नाय म्हनला."

अंबा ओरडली नाही. आमच्याकडच्या बायका अशा वेळी गळा काढतात, तिनं तेही केलं नाही. "पोरगी जन्मल्यापासनं मी तिच्या तोंडाला हात लावला नाय," ती म्हणाली. "न्हानपन पुन्ना येतंय का? तुमी सगळी बघत व्हता, आन् मी येडी वाट बघत बसले." मग म्हणाली, "अंकितबाळा, गाडी येडगावला घे."

सगळी, म्हणाली ती. त्यात मीही आले. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

येडगावला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. आम्हा जैनांच्या नेमाप्रमाणं मी सूर्य मावळायच्या आत जेवते, त्या दिवशी ते राहिलं. उज्ज्वला आम्हाला बघून दारात धावत आली, आईच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. अंबानं दोन्ही हात पोरीच्या चेहऱ्यावर ठेवले. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी, सगळं सावकाश. पोरीला गुदगुल्या झाल्या असतील, तिनं आजीचं बोट तोंडात धरलं.

"आता सांगा," अंबा गेणूला म्हणाली. "हाय तसं सांगा."

गेणू जमिनीवर तिच्यासमोर बसला. इतकी वर्षं त्याला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. "रंगानं सावळी हाय," तो म्हणाला. "माझ्यासारकी. कान जरा भायेर आल्यात. नाक... नाक तुझं हाय. क्यास पिंगट. उजव्या भुवईपाशी एक जन्मखूण हाय, तांबडी, बारकी." त्यानं डोळे पुसले. "डोळं लई मोठं. आन् तुझ्याकडंच बघतीय."

अंबानं मान माझ्या बाजूला वळवली.

"भाभी," तिनं विचारलं, "खरंच बघतीय का?"

पोरगी खरंच तिच्याकडं बघत होती, टक लावून. मी म्हटलं, "हो गं, बघतीय." तेव्हा कुठं तिनं पोरीला उराशी धरलं. गेणू उठून ओट्यावर जाऊन बसला, आणि त्या दिवसापासून अंबा त्याला काही सांगायला सांगत नाही.