झाकण लावल्यावर

नारायणगावचा आमचा फोटोग्राफर प्रश्नाचं उत्तर कधी सरळ देत नाही. "डीएसएलआर विकत घेऊ की खिशातला छोटा कॅमेरा?" मी विचारलं. "चला खोडदला," एवढंच म्हणाला.

तिथं एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा फोटो काढायचा होता. मोठा कॅमेरा दिसताच बाबा पटका सावरून खांबासारखे ताठ झाले. यानं दोन फोटो घेतले आणि लेन्सला झाकण लावलं. "झालं, बाबा. लई झ्याक!"

बाबा सैलावले, कोकरू उचलून त्याच्याशी बोलू लागले. तेवढ्यात यानं खिशातला छोटा काढून त्यांना टिपलंही.

"दोन्ही लागत्यात, राव," तो मला म्हणाला.

परवा माझा फोटो काढताना त्यानं झाकण लावलं. सगळं माहीत असूनही मी आत ओढलेलं पोट सोडून मोकळेपणी हसलो.