निळ्या पिंपातला जबडा

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीची चावी माझ्याकडे असते. आज बावीस वर्षं झाली. कुणाचे पापड, कुणाच्या गाद्या, सगळं मालन परबच्या नजरेखालून जातं. चौथ्या मजल्यावरच्या नॅटलीचा बाप मढहून बोरीवलीला लेकीकडे राहायला आला आणि पंधरा दिवसांत गच्चीच्या कोपऱ्यात एक निळं पिंप दिसलं. झाकणावर हा एवढा दगड. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. सरळ माणूस झाकणावर दगड कशाला ठेवेल?

म्हाताऱ्याचं नाव अर्बन. वय एकाहत्तर, उघडीबंब छाती, गळ्यात क्रॉस, डोळे सतत बारीक केलेले. रोज सकाळी चावी मागायला यायचा. मी विचारायचे, "काय करता हो वर?" तर म्हणायचा, "ऊन खातंय." आणि गच्चीचं दार आतून लावून घ्यायचा. खालच्या मेडिकलवाल्याने मला सांगितलं, ते अंकल दर आठवड्याला जखमेवर घालायच्या पेरॉक्साइडची बाटली नेतात. अगं बाई, एवढ्या जखमा कुठल्या? त्यात वॉचमनकडे जुने टूथब्रश मागून झाले होते. आणि त्याच आठवड्यात तळमजल्यावरची भुरी मांजर गायब! मी म्हटलं, संपलं, हा माणूस काहीतरी भलतंच करतोय.

मांजर तीन दिवसांनी मीटरच्या खोलीत सापडली, चार पिल्लांसकट. म्हणून काय माझा संशय गेला? मी अशी सहजासहजी सोडणारी नाही. एका दुपारी तो झोपलेला असताना मी वर गेले, दगड बाजूला केला आणि झाकण उघडलं. असा काही वास आला की मी दोन पावलं मागेच सरले. आत साबणाच्या पाण्यात जबडे होते. माशांचे. दातांसकट.

"बघून झालं?" मागे अर्बन उभा. मी काय घाबरणार! उलट त्यालाच झापलं, "हे काय मेलं घाण सोसायटीत?" तो रागावला नाही. माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "एखादा उचलला नाय ना तू?" म्हणजे मी त्याच्यावर नजर ठेवत होते आणि तो माझ्यावर! मग त्याने माझ्यासमोर एकेका जबड्याचे दात मोजले. पूर्ण भरले, तेव्हा कुठे बोलायला लागला.

चाळीस वर्षं त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने, व्हर्ननने, एकाच होडीवर मासे मारले होते. घरात काही चांगलं झालं की त्या दिवसाच्या मोठ्या माशाचा जबडा ठेवायचा, ही दोघांची रीत. नॅटली झाली त्या दिवशीची सुरमई, होडीला इंजिन बसवलं त्या दिवशीचा हेकरू. फोटो काढायला कॅमेरा कुठे होता तेव्हा? "उकळायचा नाय कधी," तो मला शिकवायला लागला. "कोमट पाणी. उकळला की दात सुटतात. ब्रशने मांस काढायचं, मग ते मेडिकलचं पाणी, मग सावलीत सुकवायचा. घाई केली की वाट लागली." बोटं जाड, पण दातांमधून ब्रश असा फिरवायचा की बघत राहावं. मला कौतुक वाटलं. त्याला बोलून दाखवलं नाही, एवढंच.

आणि मग त्याने डब्यातून तो एक काढला. वाम माशाचा, लांबलचक, सुईसारखे दात. दोघं भाऊ शेवटचे एकत्र समुद्रावर गेले त्या दिवशीचा. त्यानंतर महिन्याभरात व्हर्नन गेला. डोकं वर्षभर मिठात पडून होतं, अर्बनला हातच लावता येईना; आत्ता कुठे त्यातला जबडा सोडवून साफ करायला घेतला होता. आता व्हर्ननची मुलगी मोनिका रविवारी येणार होती, बापाची आठवण न्यायला. "तिच्याकडे दुसरं कायच नाय त्याचं," अर्बन म्हणाला. "एकसष्ट दात हायत. मी लिहून ठेवलंय."

पण वर्षभर मिठात मुरलेल्या त्या जबड्याचा वास जिन्यापर्यंत यायला लागला होता. कमिटीने नॅटलीला नोटीस दिली, शनिवारपर्यंत गच्ची साफ हवी. नॅटली दिवसभर बँकेत राबून आलेली, बुधवारी संध्याकाळी ती बापावर ओरडली, "पप्पा, तुम्ही टाकलं नाहीत तर मीच ॲसिड ओतेन त्याच्यावर!" अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं.

आता माझं ऐका. मी वाईट मनाने काही केलं नाही. आम्ही मालवणी माणसं. माशाचा वास हाताला राहो की भांड्याला, आम्ही आगळ लावतो. कोकमाचा घट्ट खारवलेला रस, घरात बाटल्या भरलेल्या असतात. म्हटलं, बाप-लेक उगाच भांडतायत, वास घालवायचं औषध तर माझ्या फडताळात आहे! गुरुवारी अर्बन मढला गेला होता. त्याने सुकत ठेवलेला तो वामाचा जबडा मी खाली आणला आणि स्टीलच्या टोपात आगळात बुडवून ठेवला. तासाभराने काढणार होते. तेवढ्यात माझी भाची श्रुतिका आली, गप्पांत दुपार गेली, आणि आठवण झाली तेव्हा दिवेलागण झालेली.

वास गेला होता. पण जबडा गुलाबी झालेला, कडा मऊ पडलेल्या. उचलला तर तीन दात टोपातच राहिले. किती धुतला तरी रंग हटेना. मी ते तीन दात कागदात गुंडाळून बटव्यात घातले आणि जबडा गुपचूप जागेवर ठेवून आले.

शुक्रवारी सकाळी वरून आवाज आला. "ॲसिड ओतलंस ना? बोलली होतीस ना तू!" नॅटली रडून सांगत होती, "पप्पा, आई शप्पथ, मी गच्चीवर गेलेच नाही." तो ऐकेना. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. वर जाऊन दोन शब्द बोलायचे होते, बस. नाही गेले. बावीस वर्षं सगळ्यांच्या चुका काढणारी मी, माझी चूक सांगायला पाय उचलेना. दिवसभर स्वतःला समजावत बसले, होईल शांत म्हातारा.

शनिवारी सकाळी तो बॅग घेऊन उतरताना दिसला. मढच्या बंद खोलीत राहणार म्हणे, एकटा. जी मुलगी काकाची आठवण जाळते तिच्या घरात राहायचं नाही. मी तशीच गाऊनवर खाली धावले. "अर्बनभाऊ, थांबा! नॅटलीने नाही केलं. मी केलं."

त्याने डोळे बारीक केले. "तिला वाचवतेस तू. बाया बाया एक."

"अहो, माझ्यावर संशय घ्या ना! इतके दिवस घेत आलात, आज नेमकं मला निर्दोष धरू नका! बाहेर काढा तो आणि वास घ्या."

त्याने बॅगेतून डबा काढला. जबडा नाकाशी नेला, एकदा, दोनदा. "कोकम," तो म्हणाला. "आमच्या घरात चिंच असते. व्हिनेगर असतं. कोकम नाय येत."

नॅटली जिन्यात उभी होती, डोळे सुजलेले. तिच्याकडे बघायचं त्याला जमेना. तो वॉचमनच्या खुर्चीवर बसला. मी बटव्यातून कागद काढून तीन दात त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते मोजले. तीनच, तरी मोजले.

"चुकून झालं, ते समजलं मला," तो म्हणाला. "पण काल दिवसभर तू घरातच होतीस ना?"

नॅटलीने पुढे होऊन बॅग उचलली आणि तो तिच्यामागून जिना चढला, एकेका पायरीवर थांबत.

त्याने रात्रभर बसून ते तीन दात चिकटवले म्हणे. रविवारी मोनिका आली तेव्हा मलाही वर बोलावलं. मोनिकाने जबडा दोन्ही हातांत घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, हा गुलाबी का?" अर्बन खोटं बोलला नाही. माझ्याकडे हात करून म्हणाला, "ही मालन. हिने आगळात घातला. सांगितलं नाय."

"असू दे, आंटी," मोनिका हसून म्हणाली. चांगली मुलगी. मग तिने तो जबडा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्या जवळून उचलून आपल्या पलीकडे ठेवला.